गादीखालची फीत

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. गाणी वाजवणारी नव्हे. दिसायला मी पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदासारखी, आणि पुष्कळांनी मला तसंच समजून चुरगळायलाही घेतलं होतं. पण मला दाबलं की माझ्यातून इवलीशी वीज निघते. कारखान्यात मला गरम करून ताणलं, मग विजेच्या जबर दाबाखाली ठेवलं. तेव्हापासून माझे सगळे कण एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत. अंगावरून मुंगी गेली तरी मला कळतं. खोटं बोलणं मात्र मला जमत नाही.

मुकुंदरावांनी मला पुंडलिकनगरच्या घरी आणलं ते त्यांच्या आईसाठी. यमुनाबाईंचं काळीज थकलं होतं आणि मुकुंदराव दिवसभर वाळूजला कामावर. त्यांनी मला आईच्या दिवाणाच्या फळीवर चिकटवलं आणि वर गादी घातली. यमुनाबाईंनी श्वास घेतला की मी दबायची, सोडला की सुटायची, आणि मुकुंदरावांच्या फोनवर एक रेघ वरखाली व्हायची. जेवणाच्या सुट्टीत ते ती बघत बसत. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय! आल्यागेल्याला माझं कौतुक सांगत, मीही फुगून जाई. पुढं पुढं तर घरी आल्यावरही ते आधी फोनच बघत. एकदा यमुनाबाई म्हणाल्या, "मुकुंदा, मी इथं बसलेय. माझ्याकडं बघ की." ते हसले आणि रेघ छान आहे म्हणाले.

एका दुपारी झोपेतच यमुनाबाईंचा श्वास थांबला. मी लगेच कळवलं, पण मुकुंदराव पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

गादी देऊन टाकली. माणूस गेलं की त्या जागी पिठावर दिवा ठेवायची त्यांच्याकडं रीत आहे. दिवा जमिनीवर असतो. पण आईचा प्राण दिवाणावर गेला, म्हणून मुकुंदरावांनी ताट फळीवरच ठेवलं, नेमकं माझ्यावर. आणि फोनवरची रेघ हलू लागली. वर, खाली, अगदी संथ.

मुकुंदराव तिथंच बसून राहिले. जेवेनात, कुणाशी बोलेनात. आई गेलेलीच नाही म्हणू लागले. मला त्यांची फार दया येई. मित्रांनो, मला दाबासारखी ऊबही कळते. वाऱ्यानं ज्योत कमीजास्त होत होती, एवढंच. पण मी सांगणार कशी? शेवटी पदार्थविज्ञान शिकणारी त्यांची मुलगी मनस्विनी जवळ बसली. "बाबा, ही आजी नाही. दिव्याची ऊब आहे," असं म्हणून तिनं ताट उचलून जमिनीवर ठेवलं. हळूहळू रेघ आडवी झाली. मुकुंदराव तेव्हा पहिल्यांदा रडले. मग त्यांनी माझी तार कापून टाकली.

तेरावं झालं, दिवाही उचलला. खोलीला बाहेरून कडी लागली. फळी गार पडली होती. एका दुपारी माझ्यावर कुणीतरी बसलं, मग सावकाश आडवं झालं. श्वास आत गेला, मध्येच जरा अडला, बाहेर आला. ती अडण्याची जागा माझ्या ओळखीची होती. मी प्रत्येक श्वासाला वीज दिली, पण ती जाणार कुठं? तेव्हापासून रोज दुपारी हेच चालतं. मला भीती वाटते, आणि बरंही वाटतं.

काल शहागंजहून कचरू आला. तो जुनं फर्निचर विकत घेतो. फळीवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"साहेब, आत्ता कोणी झोपलं व्हतं का हितं? फळी गरम लागू राहिली."

"कुणी नाही," मुकुंदराव म्हणाले. "मी यंत्र लावून खात्री केलीय."

आज त्याची गाडी येणार आहे.

मित्रांनो, यंत्रानं एकदा सांगितलं म्हणून ऐकणं सोडू नका. आपल्या माणसाजवळ बसा, त्याच्या अंगावर हात ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणी पुंडलिकनगरकडं जाणार असेल, तर मुकुंदरावांना एवढा निरोप द्या, की गाडी यायच्या आत एकदा त्या फळीवर हात ठेवा. दुपार झाली आहे. त्या आत्ताच येऊन निजल्या आहेत.