दोन पावलं चाललेलं कपाट

मी एक जुनं लाकडी कपाट आहे, आणि पुढे जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! मित्रांनो, कुठल्या कपाटाने आजवर माणसाचा सूड घेतलाय? मी घेतलाय.

सुताराने मला घडवलं तेव्हा माझी दारं अशी घट्ट मिटायची, की आत अडकलेलं झुरळ श्वास घ्यायलाही परवानगी मागायचं. एका बाईंनी मला हौसेने घरी नेलं. आल्यागेल्याला त्या माझी कोरीव दारं दाखवायच्या. त्या गेल्या आणि मी त्यांच्या लेकाच्या तावडीत सापडलो.

या लेकाचं नाव भाडेकरूंनी ‘उद्याबघू’ ठेवलं होतं. नळ गळतोय? उद्या बघू. कडी तुटली? उद्या बघू. भाड्याने द्यायला म्हणून त्याने दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. वरच्या घरातलं मोरीचं पाणी नेमकं त्याच्या आतल्या भिंतीत मुरायचं. भिंत फोडून नळी बदलायची, तर खर्च आला आणि महिनाभर घर रिकामं. मग पठ्ठ्याने स्वस्तातला उपाय काढला. ओलीवर रंग फासला आणि तिच्यापुढे मला उभं केलं.

नऊ वर्षं! माझ्या पाठीवर छत्रीएवढी अळंबी उगवली. खालच्या फळीत एक बेडकीण राहायला आली. तिला बारा महिने पाणी आणि वर अनामतही नाही. हसू नका. पाठ कुजत होती आणि मी दातओठ खात होतो. कपाटाने दातओठ खाल्ले, की माणसं म्हणतात बिजागरी करकरते.

भाडेकरू येत, खोकत, निघून जात. शेवटी आल्या एक आजी, त्यांची सून आणि चार वर्षांचा नातू. महिन्याभरात पोराची छाती भात्यासारखी घरघरू लागली. आजींनी माझ्यामागे हात घातला. तळवा ओलाचिंब.

“मालक, भिंत पाझरतेय. पोराला बाधतंय हो.”

“ओले कपडे आत वाळवत असाल तुम्ही.”

“एवढे कपडे असते तर आणखी काय हवं होतं!”

“उद्या बघू. आणि आजी, हे घर मी विकतोय. गिऱ्हाइकापुढे ओलीचा ‘ओ’ जरी काढलात, तर बिऱ्हाड रस्त्यावर येईल.” जाता जाता त्याने मला थाप मारली. “हे खोकं तेवढं सौदा होईपर्यंत टिकू दे. मग जाळायला फोडू.”

खोकं! त्याच क्षणी मी ठरवलं, की याला सोडायचं नाही.

गिऱ्हाईक आलं. निवृत्त बसचालक, हातात प्रश्नांचा कागद.

“घर रिकामं पडतं का कधी?”

“पडायला वेळ कुठे! एक निघतो तोवर दुसरा दारात.”

“दुरुस्ती निघते?”

“नऊ वर्षांत खिळासुद्धा ठोकला नाही.” हे मात्र अक्षरशः खरं होतं.

“भाडेकरू सुखात आहेत?”

“विचारा की! काय हो आजी?”

आजींनी मान हलवली. उभी की आडवी, ते कोणालाच कळलं नाही.

“आणि ओल? हे बघा, आयुष्यभर स्टिअरिंग धरून जमवलेलं सगळं मी इथे घालतोय. म्हातारपण या भाड्यावरच काढायचंय.”

“ओल? काका, या घरात तहान लागली तर पाणी बाहेरून आणावं लागतं!”

काकांनी माझं दार ओढलं. ते फुगून अडकलेलं.

“जरा जोर लावा,” आजी म्हणाल्या.

आणि मित्रांनो, मी चाललो! छाती काढून, चांगली दोन पावलं! मागची भिंत उघडी पडली. काळी, बुरसलेली. तिचा एक मोठा पोपडा उद्याबघूच्या नव्या बुटांवर आदळला आणि बेडकीण टुणकन जमिनीवर आली.

काकांनी कागदाची शांतपणे घडी घातली. “भाडं कोण देणार, ही?”

सौदा मोडला. काकांनी जिन्यात भेटेल त्याला भिंतीचं वर्णन ऐकवलं. सुनेने कोरडं घर शोधलं. आजी निघाल्या, त्यांनी मलाही सोबत आणलं. पोराची घरघर थांबली. तिकडे ते घर ना विकलं गेलं, ना भाड्याने. अखेर पैशांची तंगी आली आणि उद्याबघू स्वतःच तिथे राहायला गेला. आता तोच खोकतो. त्याचा खोकला चार गल्ल्या ओलांडून इथवर ऐकू येतो आणि मला काय गोड झोप लागते म्हणून सांगू!

तेव्हा मित्रांनो, भाड्याने द्यायला घर घ्याल, तर आधी कपाट सरकवून बघा. आणि मुक्या वस्तूंना जपा. नाहीतर एक दिवस त्या माझ्यासारख्या आपल्या पायांनी—

“खोटं! साफ खोटं!” आजी स्वयंपाकघरातून ओरडल्या. “आपल्या पायांनी म्हणे! गिऱ्हाईक यायच्या दिवशी सकाळभर साबणाची अख्खी वडी चोळली तुझ्या पायांखाली. सून दोनदा घसरून आपटली. तरी तू ढिम्म! काकांनी दार ओढलं तेव्हा कुठे घसरलास. अरे, तो सूड माझा होता.”