जावईबापूंची राखण

भोंग्याचं एक होतं. तो ‘आलोच’ म्हणाला की समजायचं, गेला. न सांगता उठला तर पाणी पिऊन मुकाट परत यायचा, पण दारात थांबून गोड हसत ‘आलोच’ म्हटलं की स्वारी बेपत्ता. एकदा सापडला तो सर्कशीच्या तंबूत, एकदा अनोळखी माणसांच्या लग्नात, नवरीच्या मावशीबरोबर नाचताना.

त्याचं गाणं म्हणजे नुसता धुडगूस. गिटार बडवायची आणि घसा फाटेस्तोवर ओरडायचं. पण पोरं त्याच्यावर जीव टाकायची. या प्राण्याला कार्यक्रमाच्या जागी वेळेवर आणि शुद्धीत उभं करणं, ही बापूंची नोकरी. कार्यक्रम भरवणारी कंपनी सासऱ्यांची. आधीच्या नोकऱ्या एकेक करून सुटल्यावर सासऱ्यांनी लेकीच्या तोंडाकडे बघून जावयाला इथे चिकटवलं होतं, म्हणून सगळे त्यांना जावईबापू म्हणत. भोंगा नुसतं बापू म्हणे. आज सकाळीच सासऱ्यांनी बजावलं होतं, “हा निसटला तर तुम्हीही घरी बसा.” घरी म्हणजे सासऱ्यांच्याच घरी. दोन्ही वेळा ताटासमोर तेच तोंड.

म्हणून ते हॉटेलच्या खोलीत दाराला पाठ लावून बसले होते. भोंग्याला मात्र चैन नव्हतं. पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून खिडकीत. टीव्ही लावला, बंद केला, पडद्याच्या कड्या काढून बोटांत घातल्या.

“बापू, कंटाळा आलाय.”

“येऊ दे. इथेच येऊ दे.”

बापूंची अडचण वेगळीच होती. सकाळपासूनचा चहा आता आतून धडका मारत होता. खोलीतलं न्हाणीघर तुंबलेलं, कारण भोंग्याने तिथे उशी धुवायला घेतली होती. दुसरी सोय थेट व्हरांड्याच्या टोकाला. बापूंनी मांडी बदलली, पाय आवळले, छताकडे पाहिलं. शेवटी अगदीच गळ्याशी आलं तेव्हा उठले, भोंग्याचे बूट काखोटीला मारले, म्हणजे पळायची सोय नको, आणि घाईघाईत बोलून गेले, “आलोच.”

परत आले तर खोली रिकामी. बूट काखेत धरून ते गल्लीबोळ पालथे घालत सुटले. दारूचा गुत्ता झाला, न्हाव्याचं दुकान झालं, बसस्टँडवरची बाकं झाली. “अनवाणी माणूस पाहिलात का?” असं विचारलं की लोक आधी त्या बुटांकडे बघत आणि मग दोन पावलं मागे सरत. शेवटी सासऱ्यांच्या शिव्या तर शिव्या, असं म्हणून ते कार्यक्रम होता त्या नाट्यगृहावर पोचले.

मागच्या पायऱ्यांवर भोंगा अनवाणी बसलेला. शेजारी सासरे.

“कुठे होतास?” भोंग्याचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. “आलोच म्हणालास. मला वाटलं सोडून गेलास मला. इथे तरी असशील म्हणून धावत आलो.”

बापूंना एकदम भरून आलं. ज्याला रोज उठून मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो आपल्याला शोधत रस्त्याने अनवाणी धावला. “अरे, लघवीला गेलो होतो मी,” ते कसंबसं म्हणाले.

सासऱ्यांना मात्र भरूनबिरून आलं नव्हतं. “जावईबापू, गायक आपल्या पायांनी वेळेआधी येतो आणि राखणदार हरवतो. मग तुमचं काम काय उरलं? उद्यापासून येऊ नका.”

खोटं तर काहीच नव्हतं त्यात. बापूंनी बूट भोंग्यासमोर ठेवले. “घाल. रंगमंचावर खिळेबिळे असतात.”

भोंग्याने सावकाश नाड्या बांधल्या. एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा बापूंच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे. आत पोरांनी त्याच्या नावाने नाट्यगृह डोक्यावर घेतलं होतं. तो उठला, केस मागे सारले, आणि रंगमंचाकडे जायचं सोडून कुंपणावरून टुणकन पलीकडे.

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “बघताय काय जावईबापू, धरा त्याला. तुमच्याशिवाय कुणाला सापडणार आहे तो?”

बापू धावले. आत पोरं आता पाय आपटायला लागली होती. पहिल्याच वळणावर भोंगा भिंतीला टेकून आरामात उभा होता.

“जरा दम खा,” तो म्हणाला, “लगेच सापडलो तर तुझी काय किंमत राहील?”