हंसाबाईचा पाच लिटरचा कॅन

मित्रांनो, मी कोण ते सांगितल्यावर तुम्ही नाक मुरडणार हे मला ठाऊक आहे. खुशाल मुरडा, मला त्याची सवय आहे. मी एक जुना, पांढरट प्लास्टिकचा, पाच लिटरचा कॅन आहे आणि माझ्यात चोवीस तासांची लघवी साठवतात. तुमच्या शाळेत छत्रीचे, घड्याळाचे आत्मवृत्त लिहून घेतात. माझे कोणी लिहून घेत नाही. पण त्या छत्रीने आयुष्यात एक तरी आजार पकडला आहे का, हे विचारा तिला.

कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडलो, तेव्हाच माझ्या पोटावर रेघा उठलेल्या होत्या. दर शंभर मिलीला बारीक रेघ, दर पाचशेला जाड रेघ. माझ्याबरोबरचे बिनरेघांचे कॅन फिनेल भरायला गेले आणि मला मोजायच्या कामावर नेमले. मला त्याचा केवढा गर्व! अंगावर रेघा आहेत म्हणजे कोणीतरी त्या वाचणार, असे मला वाटले. मी किती भोळा होतो, ते पुढे कळेलच.

माझी नेमणूक नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात झाली. तिथे एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. आजाराचे नाव मायलोमा. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होते, तिथेच उठणारा हा कर्करोग. त्याने हाडे भुसभुशीत होतात. काही रोग्यांत तो एक वाईट प्रोटीन तयार करतो आणि ते लघवीतून बाहेर पडते. दिवसभरात ते एकूण किती पडले, यावरून गोळी लागू पडते की नाही हे समजते. म्हणून चोवीस तासांतला थेंबन् थेंब माझ्यात यायला हवा. एवढे साधे काम आहे. शहाण्या माणसांना ते जमले नाही.

चाचणीचे कागद सांभाळायला रजत नावाचे साहेब होते. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, आणि तोंडात अशी मराठी की मराठी माणसालाही तिचा अर्थ लागू नये. पांढरकवड्याजवळच्या बंजारा तांड्यावरून हंसाबाई आली. वय अठ्ठावन्न, कंबर धरून चालणारी. रजतसाहेबांनी तिला चौदा पानांचे संमतिपत्र वाचून दाखवले. ‘आपण स्वेच्छेने सहभागी होत असून’ असे त्यात लिहिले होते. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग तिने अंगठा दिला आणि तिची झाली ‘सहभागी क्रमांक सतरा’. माझ्यावर तिचे नाव चिकटवले गेले.

गोळी सुरू होण्याआधीची लघवी वॉर्डातच जमा केली. मी एकोणीसशेच्या रेघेपर्यंत भरलो. प्रोटीन निघाले सव्वाचार ग्रॅम. मग मला हंसाबाईच्या मुलाच्या, लखनच्या, हाती देण्यात आले. दर महिन्याला घरी एक दिवस जमा करायचे आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला आणून द्यायचे.

‘‘कॅन सावलीत, गार जागी ठेवायचा. इकडेतिकडे हलवायचा नाही,’’ रजतसाहेब म्हणाले.

लखनने ते अगदी मनावर घेतले. अंगणात पत्र्याची मोरी होती, तिच्या कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळून त्याने मला बसवले. हलवायचा नाही म्हणजे नाही! आणि त्या मोरीसमोर, कडुनिंबाखाली, लालसिंगची खाट होती.

लालसिंग म्हणजे हंसाबाईचा थोरला दीर, तिचा भासरा. तांड्यातली भांडणे, सोयरिकी, सगळे त्याच्या खाटेवर येते. न्याहारी झाली की तो तिथे बसतो, दुपारी जेवायला उठतो, परत बसतो तो दिवेलागणीपर्यंत. हंसाबाई लग्न होऊन आली, त्या दिवसापासून चाळीस वर्षे तिने भासऱ्याला तोंड दाखवलेले नाही. पदर हनुवटीपर्यंत ओढायचा. त्याच्याशी बोलायचे नाही, त्याचे नाव घ्यायचे नाही. त्यालाही तिला काही सांगायचे तर तो लखनच्या तोंडून सांगतो. अशा बाईने तो समोर बसलेला असताना दर दोन तासांनी मोरीत जावे, आणि कशासाठी जाते आहे ते साऱ्या तांड्याला माहीत असावे? ते काही झाले नाही. सकाळी तो उठायच्या आत, दुपारी तो जेवायला गेल्यावर आणि संध्याकाळी तो उठून गेल्यावर, एवढ्याच वेळा ती माझ्याकडे आली. बाकी वेळी मागच्या दाराने लोटा घेऊन तुरीत गेली. मी ओल्या पोत्यात बसून सगळे ऐकत होतो. मला तोंड आहे, पण ते भरून घ्यायला दिलेले आहे.

पहिल्या महिन्याला मी नागपूरला गेलो तो साडेसातशेच्या रेघेपर्यंत भरलेला. एकोणीसशेवरून साडेसातशे! कोणीही हटकायला हवे होते. रजतसाहेबांनी टॅबलेटवर बघत विचारले, ‘‘सगळी जमा केली?’’ विचारले कोणाला? लखनला! लखनने ‘‘हो सर’’ म्हणून टाकले. त्या बायकांच्या भानगडीत तो कशाला पडेल? टॅबलेटवर बरोबरची खूण झाली. प्रोटीन निघाले पावणेदोन ग्रॅम.

मग काय, आनंदीआनंद. अर्ध्याहून जास्त आजार गेला! डॉक्टरांनी लखनची पाठ थोपटली. सतरा नंबर फार छान चालला आहे, असे रजतसाहेबांनी कोणाला तरी फोनवर इंग्रजीत सांगितले. तांड्यावर लालसिंगने खाटेवरून जाहीर केले, ‘‘आपल्या घरच्या बाईनं नागपूरच्या डाक्टरले चकित केलं!’’ मूर्खांच्या बाजारात माझीही स्तुती झाली. लखनने मला नवे पोते आणले.

दुसऱ्या महिन्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. फक्त हंसाबाईचे दुखणे कोणाच्या टॅबलेटमध्ये बसत नव्हते. तिसऱ्या महिन्यात पाण्याची घागर उचलताना तिच्या पाठीत काहीतरी कचकन मोडले. ती चार दिवस अंथरुणावर होती.

‘‘याडीची पाठ लय दुखून राह्यली सर,’’ लखन आईबद्दल म्हणाला.

‘‘आधी झिजलेलं हाड आहे ते, मोडणारच. रिपोर्ट उत्तम आहे,’’ डॉक्टर म्हणाले आणि गोळी तीच चालू ठेवली.

लालसिंगनेही लखनला सुनावले, ‘‘तुह्या मायले सांग, डाक्टर म्हणते बिमारी कमी हाय, तं कमी हाय. कायले कण्हत बसते?’’

चौथ्या महिन्याला मात्र नमुने घ्यायच्या खोलीत नवी नर्स होती, उर्वशी. वणीकडची मुलगी. तिने टॅबलेट बाजूला ठेवला, मला उचलून उजेडात धरले आणि माझ्या रेघा वाचल्या. मित्रांनो, इतक्या दिवसांच्या नोकरीत मला वाचणारे ते पहिले माणूस! मग तिने जुनी नोंद काढली, तपासणीला आलेल्या हंसाबाईला आत थांबवले आणि लखनला बाहेर बसायला सांगितले. बाहेर त्या दिवशी लालसिंगही आला होता, डॉक्टरांचे कौतुक कानांनी ऐकायला.

‘‘मावशी, आधी एकोणीसशे अन् आता सातशेच काहून?’’ तिने विचारले. ‘‘दिवसाची कुठं जाते?’’

हंसाबाईने दाराकडे पाहिले आणि पदर ओढला. ‘‘तुरीत जातो बाई. मोरीसमोर भासरे बसून राह्यते. त्यायच्या समोरून कशी जाऊ?’’

‘‘हे तुम्ही कोणाले सांगतलं नाही?’’

‘‘मले कोणी इचारलंच नाई.’’

उर्वशी तडक बाहेर गेली आणि लालसिंगसमोर उभी राहिली. ‘‘बाबा, तुम्ही अंगणात जिथं बसता ना, तिथून उठा. तुमच्या पायी या बाईची अर्धी लघवी तुरीत जाते. सगळे रिपोर्ट खोटे हायेत.’’

चाळीस वर्षांत लालसिंगला उठायला सांगणारे कोणी भेटले नव्हते. डॉक्टर गडबडले. रजतसाहेब संमतिपत्राचे नववे पान काढून दाखवू लागले, त्यात म्हणे सगळे स्पष्ट लिहिलेले आहे. लिहिलेले असेलच. मोरी, खाट आणि भासरा यांचे मात्र त्या चौदा पानांत नाव नव्हते.

लघवी पुन्हा जमा करायची ठरली. तांड्यावर आल्यावर लालसिंगने खाट स्वतः ओढत निंबाच्या पलीकडे नेली आणि मोरीकडे पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशी हंसाबाईची चाहूल लागली की तो मोठ्याने खोकायचा आणि समोरच्या रस्त्याकडे बघत घरातल्या सुनेला ओरडून सांगायचा, ‘‘संगीता, तिले म्हण, मी पाहून नाई राह्यलो!’’

मी दोन हजारांच्या रेघेच्या वर गेलो. प्रोटीन निघाले पाच ग्रॅम.

तांड्यातल्या शहाण्यांनी लगेच निदान केले. ‘‘खाट हलवली म्हणूनच बिमारी वाढली. चांगलं चाललं होतं,’’ असे ते म्हणू लागले. या लोकांशी काय बोलणार? माझ्यात फिनेल भरले असते तरी मी यांच्यापेक्षा शहाणा राहिलो असतो. बिमारी वाढतच होती, बाबांनो. ती गोळी या बाईला कधी लागूच पडली नव्हती. पहिल्याच महिन्यात खरा आकडा कळला असता, तर डॉक्टरांनी तेव्हाच ती बंद करून दुसरे औषध दिले असते. चाचणीचा नियमच तसा होता. ते त्यांनी आता केले. हंसाबाईला चाचणीतून काढले आणि इंजेक्शने सुरू केली. दोन महिन्यांनी प्रोटीन दीड ग्रॅमवर आले. हा आकडा खरा होता, कारण मी एकोणीसशेपर्यंत भरलेला होतो.

मी अजून कामावर आहे. नागपूरला जाताना एसटीत लालसिंग मला मांडीवर घेऊन बसतो आणि शेजारचा सरकून बसला तरी मला खाली ठेवत नाही. एवढे त्याच्या बाजूने सांगायला हवे. पण मी त्याला माफ केलेले नाही. लखनला नाही, रजतसाहेबांनाही नाही. खाट हलली ती चार हात. त्याला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत हंसाबाईच्या पाठीचे दोन मणके दबले. ते परत सरळ व्हायचे नाहीत. आता ती भासऱ्यासमोरून जाते तेव्हा पदर ओढत नाही. ओढायची गरजच उरलेली नाही. ती इतकी वाकली आहे की तिचे तोंड तसेही कोणाला दिसत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडून झाले असेल तर एक करा. घरात कोणी आजारी असेल तर विचारायचे ते त्यालाच विचारा. आणि त्याआधी तुमची खाट कुठे आहे ते बघा.