तारीखबाईंची मुदत

नातीचं लसीचं कार्ड शोधताना मला माझा पासपोर्ट सापडला. अठरा महिन्यांचा डोस द्यायचा होता. सुनेने ऑफिसातून फोन केला, "आई, आमच्या खोलीत कपाटाच्या खणात आहे, जरा बघता का?" तिला खालचा खण म्हणायचं होतं. मी वरचा उघडला.

चौतीस वर्षं मी शाळेच्या कचेरीत काढली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात. मुलांच्या जन्मतारखा मागेपुढे करून घ्यायला कोण कोण यायचं! पुढारी यायचे, संस्थेच्या अध्यक्षांचे साडू यायचे, एकजण मिठाईचा पुडा घेऊन आला तो तस्साच घेऊन गेला. एक तारीख मी हलवली नाही. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे मला माझ्यामागे तारीखबाई म्हणत. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

अशा बाईने परदेशात येऊन चौदा महिने स्वतःच्या पासपोर्टवरची तारीख बघितली नव्हती. विमानतळावरून येताना गाडीतच मुलाने हात पुढे केला होता, "दे, मी नीट ठेवतो." मी दिला. पोटच्या पोराकडून पावती घ्यायची असते का?

आता बघितली. व्हिसाची मुदत अकरा मार्चला संपली होती. नोव्हेंबर चालू होता.

पासपोर्टखाली एक फॉर्म होता, मुदतवाढीचा. माझी सही, माझ्या अक्षरात तारीख, तीन फेब्रुवारी. "आई, इथे सही कर, मी उद्या देऊन टाकतो," असं म्हणून मुलाने जेवताना पुढे सरकवला होता तोच. त्याची तिहेरी घडी मीच घातली होती, कचेरीतल्या सवयीने, कडा जुळवून. ती घडी कोणी उघडलेलीही नव्हती.

मी पलंगाच्या काठावर बसले. नात माझा गुडघा धरून उभी होती आणि पासपोर्ट तोंडात घालायला बघत होती.

संध्याकाळी दोघं आल्यावर मी फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला. मुलाने बघितलं आणि पाण्याचा ग्लास भरून घेतला. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवलेलं सापडलं की असाच पाणी प्यायचा.

"अगं, राहून गेलं," तो म्हणाला.

"आठ महिने?"

"तसं नाही. मुदतवाढ दोनच महिन्यांची मिळते. म्हणजे मेमध्ये तुला जावंच लागलं असतं. आणि पाळणाघरात जागा नव्हती. हिचं प्रमोशन नेमकं तेव्हाच होतं. मग म्हटलं, बघू. इथे हजारो लोक असे राहतात, आई. जाताना विमानतळावर काय ते होतं, आधी कोणी काही विचारत नाही."

सून भात वाढत होती. वाढता वाढता, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "आणि आई, तुम्ही तशा बाहेर जाताच कुठे?"

मी कुठे जात नव्हते ते मला तेव्हा एकदम कळलं. खाली बागेत जायला निघाले की "थंडी आहे हं, आई". कोपऱ्यावरच्या वाचनालयात नाव घालायचं म्हटलं तर "ओळखपत्र लागतं, पुढच्या महिन्यात बघू". जुलैत माझी दाढ सुजली होती, गाल असा की आरशात ओळखू येईना. दवाखान्यात ने म्हणून तीन दिवस सांगत होते. मुलगा वेदनाशामक गोळ्या घेऊन आला, सून लवंगेचं तेल. केवढी काळजी! शेवटी गळू आपोआप फुटलं, तोंडभर घाण आली, आणि ती बेसिनमध्ये थुंकत मी मनात म्हणत होते, पोरं किती करतात माझं. दवाखान्यात नेलं असतं तर पासपोर्ट दाखवावा लागला असता. टेबलाशी बसून हे आठवलं आणि तीच चव पुन्हा तोंडात आली. मी वाढलेलं ताट बाजूला सारलं.

"बुधवारी मला परदेशी लोकांचे व्हिसा बघतात त्या कचेरीत घेऊन चल," मी म्हणाले. "नाहीतर मी विचारत विचारत जाईन."

मग दोन दिवस मखलाशी चालली. मुलाचा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर होता, आणि माझ्या व्हिसाला हमीदार म्हणून सही त्याचीच होती. त्याने जाणूनबुजून मला ठेवून घेतलं हे कचेरीत कळलं, तर त्या अर्जावर पाणी. "सात वर्षं घासलीत इथे, आई," तो म्हणाला, आणि डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. ते खरं होतं की खोटं, मला कळलं नाही. आपल्या मुलाच्या डोळ्यांतलं पाणी पारखायची वेळ यावी, याचीच मला शिसारी आली.

मंगळवारी मात्र तो खुशीत घरी आला. हातात एक पाकीट होतं.

"सगळं सुटलं. तुला दंड नाही, बंदी नाही, मलाही काही नाही. फक्त तू काही बोलायचं नाहीस. हे द्यायचं."

डॉक्टरचं पत्र होतं. इंग्रजी मला वाचता येतं, सावकाश. सदर रुग्णेची स्मरणशक्ती वर्षभरापासून क्षीण होत चालली असून तारखा, वेळा व कागदपत्रं यांचं भान तिला राहत नाही. मुलाच्या सूचनाही ती विसरते.

खाली सही मुलाच्या डॉक्टर मित्राची. हा मित्र दोनदा घरी चहाला आला होता. दुसऱ्या वेळी मी न विचारता त्याला बिनसाखरेचा दिला, तर म्हणाला होता, "काकू, काय लक्षात ठेवता हो तुम्ही!"

"तुला लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"आई, कागद आहे नुसता. तुझ्यासाठीच केलंय. बंदी लागली तर पाच वर्षं येता येणार नाही तुला. पोरीला भेटायचंय की नाही?"

नात तेव्हा माझ्या मांडीवर झोपली होती, माझं बोट मुठीत धरून. पाच वर्षांनी ती साडेसहा वर्षांची असेल आणि मी कोण हे तिला फोटोत दाखवावं लागेल. हे त्याला बरोबर माहीत होतं. कुठे दाबलं की दुखतं हे त्याने माझ्याकडेच वाढून शिकून घेतलं होतं.

बुधवारी कचेरीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दोन तास बसलो. माणसं नंबराची चिठ्ठी मुठीत घट्ट धरून बसली होती. पाकीट मुलाच्या हातात होतं. आमचा नंबर लागल्यावर तो पुढे झाला, पण काचेपलीकडच्या अधिकारी बाईने त्याला हाताने थांबवलं. नातेवाइकाने भाषांतर करायचं नाही, असा नियम होता. तिने फोन लावला, आणि काचेतल्या भोकातून चक्क मराठी ऐकू आलं. कुठली तरी दुभाषी बाई होती.

मुलाने पाकीट आत सरकवलं. अधिकारी बाईने पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने, सावकाश काहीतरी विचारलं, लहान मुलाला विचारतात तसं.

दुभाषी म्हणाली, "आजी, आज कुठला दिवस आहे सांगता का?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. मान किंचित हलवत होता, नको, नको. एकदा 'आठवत नाही' म्हटलं की झालं. दोन शब्दांचं काम.

"बुधवार, एकोणीस नोव्हेंबर," मी म्हणाले. "माझी मुदत अकरा मार्चला संपली. त्याला आज दोनशे त्रेपन्न दिवस झाले. ते पत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही, डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल. मला सगळं आठवतं."

दुभाषीने ते अधिकारी बाईला सांगितलं. मग पुढचा प्रश्न आला, जो येणारच होता. "माहीत होतं तर परत का गेला नाहीत? तुम्हाला कोणी थांबवलं का?"

माझ्या पर्समध्ये तो तीन फेब्रुवारीचा फॉर्म होता, त्याच घडीत. मी पर्सची चेन अर्धी उघडली. मुलगा बुटांकडे बघत होता. चाळिशीला आलेला माणूस, पण मानेवर तोच भोवरा, ज्यावर मी तेल थापायचे. मी चेन लावली.

"कोणी नाही," मी म्हणाले. "नातीचा लळा लागला. माझ्या मर्जीने राहिले."

चौतीस वर्षांत न केलेली खोटी नोंद मी त्या खिडकीत केली. आणि कोणासाठी! मला माझीच किळस आली.

अधिकारी बाईने शिक्के मारले. पाच वर्षं प्रवेशबंदी. देश सोडायला तीस दिवस. फोन ठेवला. मी सही केली, तारीख घातली.

दारापर्यंत पोचेस्तोवर मुलाचा चेहरा उजळला होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थँक्यू गं आई. मला माहीत होतं तू सांभाळून घेशील." मग तो मोबाइल काढून बघायला लागला. "आणि तीस दिवस म्हणजे बेस्टच झालं. पाळणाघरात पंधरा डिसेंबरला जागा होतेय. तोवर तू आहेसच."

मी त्याचा हात खांद्यावरून काढला आणि मागे फिरले. खिडकीशी पुढचा माणूस येऊन उभा होता, त्याच्या बाजूने पुढे घुसले. फोनवर आता कोणी नव्हतं आणि मला त्या बाईची भाषा येत नव्हती. पण तिच्या टेबलावर, काचेला टेकून, कॅलेंडर होतं. मी काचेवर बोट ठेवलं, बरोबर वीस तारखेच्या चौकोनावर. बाईने आधी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई," मुलगा मागून ओरडत होता, "अगं उद्याची तारीख आहे ती! उद्याच निघणार तू? तुला कळतंय का काही?"

मी बोट हलवलं नाही.