तीस वर्षं धरून ठेवलेला गॅस

टक्! दुपारची सामसूम मोडणाऱ्या माझ्या या आवाजाने पाळण्यातलं बाळ दचकायचं आणि आई माझ्या दारावर हलकी चापट मारायची. "अरे बाबा, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा!"

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. ही आई स्वतः पाळण्यात होती, तेव्हा मी तिच्या माहेरी आलो आणि पुढे तिच्याबरोबर या घरी. कारखान्यात माझ्या नळ्यांत गॅस भरून तोंड पक्कं बंद केलं होतं. त्याला ना वास, ना पेटण्याची भीती. केवढं कौतुक होतं त्याचं! मग कळलं, की तो बाहेर सुटला तर पार वर जातो आणि कडक उन्हापासून वाचवणारा ओझोनचा थर कुरतडतो. देशोदेशीच्या सरकारांनी करार केला, हा गॅस बनवणंच बंद केलं. उरला तो माझ्यासारख्या म्हाताऱ्यांच्या पोटात. तीस वर्षं मी दूध नासू दिलं नाही, बाळाचं औषध बिघडू दिलं नाही, आणि गॅसही सांडू दिला नाही.

नवा फ्रिज आला. मला न्यायला मेकॅनिक येणार म्हणून थोरल्या मुलीने, मुंगीने, माझ्या दारावर चिठ्ठी डकवली: 'गॅस हवेत सोडू नये. टाकीत भरावा.' शाळेत जाताना तिने आईकडून तसं कबूल करून घेतलं.

मेकॅनिक चिठ्ठी वाचून हसला. "तुमच्याकडचे साहेब फार कडक दिसतात! ताई, इथे सही करा."

कागदावर छापलं होतं: गॅस टाकीत भरून घेतला.

"भरलात?"

"भरतोच आहे ना!"

बाळाने भोकाड पसरलं, शेगडीवर दूध वर आलं. आईने उभ्या उभ्या सही केली.

टाकी खाली गाडीत होती. तीन जिने कोण चढवणार? त्याने पकडीने माझी नळी कापली. फुस्स! तीस वर्षं मिनिटभरात खिडकीतून गेली.

मला जपा, असं आता मी म्हणणार नाही, मित्रांनो. ती वेळ गेली. काम डोळ्यांनी बघा आणि मगच सही करा, एवढंच.

मेकॅनिक दोर आणायला खाली उतरला, तोच मुंगी दप्तरासकट दारात आली. तिने कापलेली नळी पाहिली. ओट्यावरचा कागद उचलून अक्षर न् अक्षर वाचला.

"आई, खाली तुझी सही आहे. मग आपला गॅस सुटलाय, हे सरकारला कळणार कसं?"