बुरुलचाची पाणथरी

त्या उन्हाळ्यात बुरुलचाचं दोन घासांतच पोट भरायचं. डाव्या बरगडीखाली कायम काहीतरी जड वाटायचं आणि डावा खांदा ठणकायचा. नारीनच्या डोंगरांवर, कुरणातल्या तंबूत दुपारी ती आडवी झाली की मेंढ्यांचा आवाज लांब लांब जायचा. वाटायचं, आपण एखाद्या तळ्यावर तरंगतोय आणि ते तळं आपल्या आतच कुठंतरी आहे.

"घोडीचं दूध तरी घे," नवरा झुमाबेक एकदा म्हणाला. "अशानं वाऱ्यावर उडून जाशील."

"जाऊ दे. वरून तुमच्या मेंढ्या तरी नीट मोजीन."

तो हसला, पण दुसऱ्याच दिवशी तिला गाडीत घालून शहरात घेऊन गेला.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंचं नाव झीपारा. सोनोग्राफीच्या पडद्यावर एक काळं वर्तुळ दिसलं.

"मावशी, पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, पाण्याची गाठ आहे. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची अंडी आपल्या तोंडात गेली की अशी गाठ होते. आणि कुत्र्याला ते जंत मेंढीच्या कच्च्या काळजातून, फुप्फुसातून होतात. काका, घालता ते त्याला?"

"मग काय त्याला केक घालू?" झुमाबेक म्हणाला. आणि मग हातातल्या टोपीकडं बघत राहिला.

गाठ आत फुटली असती तर जिवावर बेतलं असतं. म्हणून आधी गोळ्या सुरू झाल्या. पाणथरी काढावी लागण्याची शक्यता होती, म्हणून लसीही टोचल्या. मग शस्त्रक्रिया. भूल चढताना बुरुलचाला सगळीकडं पांढरं गवत दिसलं. त्यातून ती अनवाणी चालली होती आणि पायांना थंडी वाजत नव्हती.

जाग आली तेव्हा झीपारा शेजारी उभी होती. "गाठ फार मोठी होती, पाणथरी वाचवता आली नाही. तिच्यावाचून माणूस जगतो. पण आजारांशी लढायची ताकद कमी होते, म्हणून ताप आला तर घरी बसायचं नाही. लगेच इकडं."

झुमाबेक कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता. "कुत्र्याला जंताचं औषध दिलंय," तो घाईघाईनं म्हणाला. "आता दर महिन्याला देणार. आणि कोकरू कापलं की आतडी-काळीज खोल पुरणार."

"रागावला असेल तो."

"दोन दिवस बोलला नाही माझ्याशी."

हसताना टाके ओढले गेले. तिनं पोटावर हात धरला आणि डोळे मिटले. खिडकीबाहेर पॉपलरची पानं सळसळत होती. ऐकता ऐकता तिला पुन्हा झोप लागली.