रुसलेलं फुप्फुस

आमच्या घरात रुसणं पिढीजात आहे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा वाटलं होतं, सासरची माणसं मितभाषी आहेत. पुढे कळलं, त्या आठवड्यात सगळेच एकमेकांवर रुसलेले होते.

त्यातले मुरलेले म्हणजे माझे सासरे. बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. भरल्या बसमध्ये जन्मभर लोकांशी हुज्जत घालूनही त्यांचा आवाज कधी चढला नाही म्हणतात. घरात मात्र त्यांना न विचारता कुणी काही केलं, की ते तोंडाला कुलूप लावतात. आणि कुलपं हा तर माझ्या नवऱ्याचा धंदा. घराखालीच त्याचं किल्ल्यांचं दुकान आहे.

या खेपेला त्याने बाबांच्या खोलीचं जुनं, अडकणारं कुलूप काढून झकास नवं बसवलं. बाबा तेव्हा केस कापायला गेले होते. परत आले, नवी किल्ली उलटीसुलटी करून पाहिली आणि काही न बोलता खोलीत गेले. तेव्हापासून जेवायला येत, जेवत, ताट उचलत आणि परत जात. नवरा म्हणाला, "होतील आपोआप ठीक." तोही त्यांचाच मुलगा, समजूत काढायला कशाला जातोय?

मी एका टॅक्सी कंपनीत फोनवर बसते. चिडलेल्या लोकांशी दिवसभर गोड बोलायचा मला पगार मिळतो, आणि घरी पोचेपर्यंत तो गोडवा संपलेला असतो. त्यामुळे मीही कुणाचे रुसवे काढायच्या भानगडीत पडत नाही.

अशातच भिंगरीला ताप आला. भिंगरी म्हणजे माझी लेक, अजून शाळेचं तोंडही न पाहिलेली. तिला कागदावरचं नाव आहे, पण एका जागी ठरेल तर ती भिंगरी कसली. ती पोर सकाळपासून अंथरुणात गुपचूप पडून राहिली तेव्हाच मी कामावर सुट्टी कळवली. खोकला होता, आणि झोपल्या जागी जिना चढत असल्यासारखा श्वास चालला होता. आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी छाती-पाठ तपासली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, फोटो काढून आणायला लावला. मग म्हणाल्या, "उजवं फुप्फुस सुजलंय. न्यूमोनिया आहे."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "घाबरू नका. ऑक्सिजन चांगला आहे, पोरगी पाणी पितेय, तेव्हा घरी ठेवून बघू. घोट घोट पाणी सारखं देत राहा. श्वास वाढला, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या गेल्या, ओठ निळसर दिसले किंवा ती मलूल पडली, तर कुणाची वाट बघायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जायचं. आणि औषध पोटात राहिलंच पाहिजे. नाही राहिलं तर आज संध्याकाळी ॲडमिट करू."

भिंगरी माझ्या खांद्यावर डोकं टाकून हे सगळं ऐकत होती. तिने काय ऐकलं ते मला घरी आल्यावर कळलं.

औषध गुलाबी होतं, गोड वासाचं. सोबत बिनसुईची पिचकारी होती. नवऱ्याने दुकान बंद करून पोरीला मांडीवर बसवलं, मी पिचकारी भरली, आणि भिंगरीने ओठ घट्ट मिटले. गोंजारून झालं, गोष्ट सांगून झाली, बाहुलीला पाजून झालं. शेवटी ती जांभई द्यायला गेली तेवढ्यात मी डाव साधला. पुढच्या क्षणी औषध नवऱ्याच्या शर्टावर होतं.

"गावभरची कुलपं उघडतोस," मी म्हणाले, "पोरीचं एक तोंड उघडेना?"

"कुलूप थुंकत नाही," तो शर्ट पुसत म्हणाला.

डॉक्टरबाईंना फोन केला. लगेच थुंकलं असेल तर पुन्हा द्या, म्हणाल्या, पण हेही बाहेर आलं तर तिला घेऊन या. मी फोन ठेवला. त्या इवल्याशा हातात सुई खुपसलेली, परका पलंग, परकी माणसं, असं सगळं डोळ्यापुढे उभं राहिलं आणि मला रडू फुटलं. मी रडले ते भिंगरीने पाहिलं.

"आई," ती धापा टाकत म्हणाली, "ते रुसलंय ना."

"कोण रुसलंय?"

"फुप्फुस. उजवं. डॉक्टर म्हणाल्या."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. सुजलंय म्हणाल्या होत्या बाई. पण आमच्या घरच्या पोरीला रुसलंयच ऐकू येणार.

"मग औषध नको का घ्यायला?"

"रुसलेल्याला औषध नसतं देत. आजोबांना देतो का आपण?"

बिनतोड मुद्दा होता. "मग काय करायचं असतं?" मी विचारलं.

भिंगरी विचारात पडली. रुसलेल्या माणसाचं काय करायचं हे बिचारीने या घरात कधी पाहिलंच नव्हतं. "आजोबांना विचार," ती म्हणाली. "त्यांना येतं रुसायला."

मी उठले आणि नव्या कुलपाच्या दारावर टकटक केली. काट्याने काटा काढतात म्हणे. दार उघडलं. बाबांचा चेहरा कोरा होता, पण डोळे लाल होते. दाराला कान लावूनच बसले असणार.

"बाबा, तुम्हाला विचारायला आलेय," मी म्हणाले, "रुसलेल्या माणसाचं काय करावं?"

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग घसा खाकरला. बरेच दिवस न वापरल्यामुळे आवाज जरा गंजला होता. "हेच," ते म्हणाले. "विचारावं."

बाहेर आले ते थेट स्वयंपाकघरात. एक स्टीलचा पेला घेतला, एक चमचा घेतला आणि भिंगरीच्या मागे जाऊन बसले. तिच्या पाठीला उजव्या बाजूला कान लावला.

"हं. आहे आत. पण रुसलेला तोंडाने बोलत नाही, माहितीये ना?"

भिंगरीने मान हलवली. तिच्याएवढं कुणाला माहीत असणार?

"तो घंटीने बोलतो. एक टिंग म्हणजे थांब. दोन टिंग म्हणजे चला पुढे. बसमध्ये कसं? हां. आता तू विचार, मी ऐकून सांगतो."

भिंगरी सरळ बसली. दिवसभरात पहिल्यांदा. "फुप्फुसा," ती म्हणाली, "औषध घेऊ?"

बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि पेल्यावर चमचा मारला. टिंग. एकच.

मी डोळे वटारले. नवरा काही बोलणार होता, त्याला मी कोपर मारलं.

"थांब म्हणतंय," बाबा म्हणाले. "आधी आणखी काही हवं असेल. विचारून बघ."

"पाणी हवं?"

टिंग टिंग.

आणि घरी आल्यापासून घोटभर पाण्यासाठी आमच्याकडून विनवणी करून घेणारी माझी लेक अर्धा कप पाणी प्यायली. थांबत, खोकत, पण प्यायली. मग उशी हवी का विचारलं. टिंग टिंग. पाठीशी उशी आली. मग बाबांनी चष्मा काढावा का, असं विचारलं, कारण तो तिच्या पाठीला टोचत होता. टिंग टिंग. पोरीला अधिकार आवडायला लागला होता. तिने एकवार आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "आता औषध?"

घोडं इथेच अडलं होतं. बाबा कितीतरी वेळ ऐकत राहिले. मला तर वाटलं, खरंच आतून काही येतंय की काय.

टिंग... टिंग.

भिंगरीने तोंड उघडलं. मी पिचकारी गालाच्या आतल्या बाजूला धरून हळूहळू सोडली. तिने तोंड वेडंवाकडं केलं, अंग शहारलं, आणि गिळलं. पाठोपाठ खोकल्याची मोठी उबळ आली आणि आम्ही तिघांनी एकदम श्वास रोखला. नवऱ्याने तर आपला दुसरा शर्ट पुढे केला. उबळ गेली. औषध आतच राहिलं. तासभर तिच्याकडे टक लावून बसलो, तरी आतच. माझा जीव भांड्यात पडला, आणि ते भांडं अजून बाबांच्या हातात होतं.

संध्याकाळी फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान. घरीच राहू दे. श्वासावर लक्ष ठेवा आणि औषध मधेच सोडू नका."

मग पिचकारी आली की पेला यायचा. विचारल्याशिवाय काही नाही. बाबा तिला उशीशी टेकवून बसवत, बसच्या गोष्टी सांगत, आणि मधूनच तिच्या बरगड्यांवर नजर टाकत. मी कामावर गेले की फोन करून सांगत, "श्वास शांत आहे. वरण नको म्हणाली. भात खाल्ला. माझ्याशी भांडली." भांडली म्हटल्यावर मी पुढच्या फोनवरच्या गिऱ्हाइकाशी इतकी गोड बोलले की त्याला संशय आला.

ताप उतरला. श्वास संथ झाला. पुन्हा तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरबाईंनी बराच वेळ पाठीवर नळी फिरवली. भिंगरी वळून म्हणाली, "काय म्हणतंय?"

बाईंना काही कळलं नाही. मी घाईघाईने सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. गंभीरपणे नळी भिंगरीच्या कानाला लावली आणि म्हणाल्या, "तूच ऐक."

तिने ऐकलं. "टिंग टिंग," ती म्हणाली. बाबांनी तोंड फिरवून भिंतीवरचा उंची मोजायचा तक्ता वाचायला घेतला. चष्मा घरी विसरले होते, तरी वाचत होते.

घरी आल्यावर भिंगरीने दोनदा खोलीभर गिरक्या घेतल्या, खोकली, पुन्हा घेतल्या. मग पेला-चमचा घेऊन आजोबांच्या मागे खुर्चीवर चढली आणि त्यांच्या पाठीला कान लावला.

"बाबा, विचार," तिने माझ्या नवऱ्याला हुकूम सोडला.

तो दारात उभा होता. एका हातात जुनं कुलूप, ते त्याने जपून ठेवलं होतं हे मला तेव्हा कळलं. त्याने एक पाय दुसऱ्या पायावर घासला. एवढा बाप्या माणूस, कान लाल झाले होते.

"बाबा," तो म्हणाला, "जुनंच परत बसवू का?"

टिंग.

"मग नवं राहू दे?"

टिंग.

सासरे समोर बघत होते. मिशीखाली ओठ थरथरत होता, हसू आवरत होते की काय कोण जाणे.

"आधी आणखी काही हवं असेल," भिंगरी म्हणाली. "नीट विचार."

नवऱ्याने कुलूप खाली ठेवलं. वडिलांच्या पुढ्यात उकिडवा बसला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा," तो म्हणाला, "विचारायला हवं होतं ना मी?"

भिंगरी ऐकत राहिली. चमचा तिच्या हातात तसाच होता. तिने वाजवायच्या आत सासऱ्यांनीच हात मागे नेला, तिचं मनगट धरलं, आणि पेला दोनदा वाजवला.